चार ओळींचा निकाल



या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण, इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. त्यांच्या रांगेत मला उभे करताना चालकांनी बरेच धाडस केले आहे. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे. त्यानंतर मी लेथवर उभा राहिलो, आणि लेथवरून उतरलो तो कामगार संघटनेच्या कचेरीत येऊन बसलो. वाचले ते पाळ्या सांभाळून, मिळेल तसे आणि मिळेल तिथे. चालक माझ्याकडे आले तेव्हा मी नव्या कामगार संहितांवर बोलावे असा त्यांचा मानस होता. मी त्यांना म्हणालो, "त्या विषयावर मी गेटवर रोजच बोलतो, आणि गेटवरचे लोक ते उभ्याने ऐकतात. आपल्या श्रोत्यांना खुर्च्या आहेत; त्यांना जरा निवांत विषय द्यावा." अशा रीतीने आजचा विषय ठरला. चित्रपटांवर समीक्षक जे दोन-चार ओळींचे अभिप्राय देतात, त्यांची किंमत काय करावी?

विषय निवांत दिसला तरी माझ्या दृष्टीने तो तसा नाही. का, ते ओघात येईलच.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत वर्तमानपत्र एकच येत असे. सकाळी ते मालकाच्या दारात पडे आणि दहा घरे फिरून आमच्याकडे येई तेव्हा दिवेलागण झालेली असे. पहिल्या पानावरच्या बातम्या तोवर साऱ्यांना तोंडपाठ झालेल्या असत. माझ्या वाट्याला निवांत वाचायला उरत ती चित्रपटांची परीक्षणे. चित्रपटासाठी पैसे मिळत ते महिन्या-दोन महिन्यांतून एकदा; परीक्षणे मात्र दर आठवड्याला येत. त्यामुळे पाहिलेल्या चित्रपटांपेक्षा नुसत्या परीक्षणांतून ओळखीचे झालेले चित्रपट माझ्या पदरी कितीतरी अधिक आहेत. महिन्याचे ते एक तिकीट कोणत्या थिएटरच्या खिडकीवर काढायचे, हे त्या चार ओळी ठरवीत. त्या चुकल्या की महिना फुकट गेला. तेव्हा असे अभिप्राय म्हणजे सुखवस्तू माणसांची चैन आहे, असे मला कधी वाटले नाही. ज्याच्या खिशात एकाच तिकिटाचे पैसे आहेत, त्याला त्यांची गरज अधिक.

आता हे थोडक्यात मत देण्याचे शास्त्र कसे वाढत गेले ते पाहू. चित्रपटाला तारे देण्याची चाल १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकात आयरीन थायरर या बाईंनी सुरू केली. पॅरिसच्या 'काइए द्यु सिनेमा' या मासिकाने १९५५ पासून दहा समीक्षकांचा एक तक्ताच छापायला घेतला. उभ्या रकान्यात समीक्षक, आडव्या ओळीत चित्रपट, आणि चौकोनात तारे. आमच्या हजेरीपटासारखाच तो प्रकार. अमेरिकेत लिओनार्ड मॉल्टिन यांनी १९६९ साली हजारो चित्रपटांवरील छोट्या छोट्या अभिप्रायांचे एक पुस्तक काढले. त्याच्या नव्या नव्या आवृत्त्या २०१४ पर्यंत निघत राहिल्या. त्यात १९४८ सालच्या एका चित्रपटावरचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. चित्रपटाचे नावच प्रश्नार्थक होते, आणि मॉल्टिन यांनी त्या प्रश्नाला एका शब्दात नकारार्थी उत्तर देऊन परीक्षण संपविले. इतका आखूड निकाल आमच्या कामगार न्यायालयातही कधी ऐकला नाही.

पुढे शिकागोच्या जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या दोन समीक्षकांनी दूरचित्रवाणीवर अंगठ्याची रीत लोकप्रिय केली. चित्रपट आवडला तर अंगठा वर, नावडला तर खाली. गंमत पाहा. आपल्याकडे कागदावर अंगठा उठवतो त्याला आपण निरक्षर म्हणतो, आणि अंगठा दाखवतो त्याला लबाड म्हणतो. तिकडे अंगठा दाखवणाऱ्या ईबर्ट यांना समीक्षेसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालेले होते, तेही १९७५ सालीच. चित्रपट समीक्षकाला मिळालेले ते पहिलेच पुलित्झर. ते पारितोषिक अर्थातच अंगठ्यासाठी नव्हते, त्यांच्या लेखांसाठी होते. लोकांच्या ध्यानात मात्र अंगठाच राहिला.

आपल्याकडेही थोडक्यात आणि झोंबणारे लिहिणारी माणसे होऊन गेली. बाबुराव पटेल यांनी १९३५ साली मुंबईत 'फिल्मइंडिया' मासिक सुरू केले. त्यांच्या परीक्षणाची निर्मात्यांना धास्ती वाटे. पुढे १९४४ साली 'द्रौपदी' आणि १९४६ साली 'ग्वालन' असे दोन बोलपट त्यांनी स्वतः काढले. ते काही चालले नाहीत. परीक्षकालाही एकदा परीक्षेला बसवावे, असे कोणाला वाटत असेल तर ते नियतीने असे परस्परच उरकले. त्याच काळातले दुसरे समीक्षक ख्वाजा अहमद अब्बास. ते 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये परीक्षणे लिहीत. त्यांनी १९४६ साली बंगालच्या दुष्काळावर 'धरती के लाल' काढला. तो आजही चित्रपटाच्या इतिहासात मानाने गणला जातो. म्हणजे टीका करणाऱ्याला काम जमत नाही, हा समजही सरसकट खरा नाही.

आता आपण अशा अभिप्रायांच्या चुका पाहू. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५८ साली न्यूयॉर्कला लागला. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्रौथर हे त्या वेळचे वजनदार समीक्षक. त्यांनी रचना सैल आहे आणि गती मंद आहे अशी तक्रार नोंदविली. चित्रपटातली करुणा त्यांना जाणवली होती, पण तक्रार वरचढ ठरली. चित्रपट मात्र त्या शहरात कित्येक महिने चालला. याच क्रौथर यांनी १९६७ साली 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटावर कडाडून टीका केली. त्यावर पॉलीन केल या बाईंनी 'न्यूयॉर्कर'मध्ये भला मोठा लेख लिहून चित्रपटाची बाजू मांडली. पण मला त्या प्रकरणातला तिसरा माणूस सर्वांत मोठा वाटतो. 'न्यूजवीक'च्या जो मॉर्गनस्टर्न यांनीही आधी त्या चित्रपटाची निंदाच केली होती. नंतर ते सामान्य प्रेक्षकांत बसून तो पुन्हा पाहून आले आणि पुढच्याच आठवड्यात आपले मत चुकले असे त्यांनी छापून टाकले. भगिनींनो आणि बंधूंनो, मी व्यवस्थापनाशी वाटाघाटी करण्यात आयुष्य घालविले आहे. आपले चुकले असे लेखी देणारा माणूस किती दुर्मिळ असतो, हे मला चांगले ठाऊक आहे.

आपल्या घरचे उदाहरण द्यायचे तर 'शोले'चे. १९७५ च्या १५ ऑगस्टला तो प्रदर्शित झाला. सुरुवातीचे अभिप्राय फारसे बरे नव्हते. एका पाक्षिकाने तर त्याला विझलेल्या निखाऱ्याची उपमा दिली. तो निखारा मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात पाच वर्षे धगधगत होता.

येथे कोणी म्हणेल, मग समीक्षकांना काय कळते? तिकीटबारी हाच खरा न्यायाधीश. मला हे मान्य नाही. तिकीटबारीला शेकड्यांनी सुमार चित्रपट पसंत पडले आहेत आणि तिने कितीतरी चांगले चित्रपट पहिल्याच आठवड्यात हाकलून दिले आहेत. गर्दी जमली म्हणून सभा चांगली झाली असे मी म्हणू लागलो, तर ज्या पुढाऱ्याच्या सभेला फुकट वडापाव असतो तोच थोर ठरेल.

तज्ज्ञांच्या मोठ्या पंचायतीने दिलेला निकाल तरी टिकतो काय? ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे 'साइट अँड साउंड' हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारते. पहिल्या वेळी अव्वल ठरला तो डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज'. दहा वर्षांनी तो खाली घसरला आणि १९७२ च्या पहिल्या दहांत तो नव्हताच. १९६२ पासून २००२ पर्यंत 'सिटिझन केन' पहिला होता. २०१२ साली हिचकॉक यांचा 'व्हर्टिगो' पहिला आला. २०२२ साली बेल्जियमच्या शांताल आकरमन या बाईंचा 'जान दीलमान' हा १९७५ चा चित्रपट पहिला आला. स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट त्या जागी प्रथमच बसला. त्यात एक गृहिणी स्वयंपाक करते, भांडी घासते, बटाटे सोलते, आणि आपल्याला ते सारे संथपणे पाहावे लागते. 'शोले' आणि हा चित्रपट एकाच सालचे आणि लांबीही दोघांची सुमारे तीन तास वीस मिनिटांची. एकात गोळ्या सुटतात, दुसऱ्यात बटाटे सोलले जातात. दोघांना एकाच तराजूत टाकून कोणाला किती तारे, असे विचारणे म्हणजे लोहार आणि शिंपी यांची मजुरी एकाच फूटपट्टीने मोजण्यासारखे आहे.

आणि तरीही आज आपण तेच करतो. १९९८ साली अमेरिकेत 'रॉटन टोमॅटोज' नावाची एक सोय इंटरनेटवर सुरू झाली. नाटक पडले की लोक नटांवर सडके टोमॅटो फेकीत, त्यावरून हे नाव. अनेक समीक्षकांची मते गोळा करून त्यांतील शेकडा किती अनुकूल, हे ती सांगते. साठ किंवा त्याहून अधिक असतील तर चित्रपट ताजा, कमी असतील तर सडका. आता हा हिशोब नीट समजून घ्या. समजा, एका चित्रपटाविषयी दहाच्या दहा समीक्षक म्हणाले, "एकदा पाहायला हरकत नाही." त्याला शंभर टक्के मिळाले. दुसऱ्या चित्रपटाविषयी सहा जण म्हणाले, "हा आम्ही जन्मभर विसरणार नाही," आणि चौघे म्हणाले, "आम्ही अर्ध्यातून उठलो." त्याला साठ टक्के मिळाले. तो काठावर पास झाला. सरासरी गुणांचा आकडा तेथे वेगळा दिलेला असतो, पण लोकांच्या तोंडी राहतो तो शेकडाच.

संपाचे मतदान घेणाऱ्या माणसाला यातली फसगत लगेच दिसते. हात किती वर झाले हे मोजता येते. वर झालेला हात किती दिवस वर राहील हे मोजता येत नाही. शंभरातले पंचाण्णव हात वर झालेले संप मी चौथ्या दिवशी ढासळताना पाहिले आहेत, आणि साठ हातांवर उभा राहिलेला संप महिनाभर टिकलेलाही पाहिला आहे. संख्या खोटी नसते. ती एका प्रश्नाचे उत्तर असते, आणि आपण तिला दुसराच प्रश्न विचारतो.

आता हा विषय मला निवांत का वाटत नाही ते सांगतो. मी सत्तावीस वर्षांचा असताना एका कारखान्यात कामाला होतो. वार्षिक शेऱ्यात माझ्या नावापुढे लिहिले होते, "काम समाधानकारक नाही." तेवढेच. त्या तीन शब्दांवर माझी वेतनवाढ थांबली. मी विचारीत राहिलो, कोणते काम? कोणत्या दिवशीचे? कोणता जॉब बिघडला? उत्तर मिळाले नाही. पुढे कामगार न्यायालयात जाऊ लागलो तेव्हा एक शब्द शिकलो. ज्या हुकुमात कारणे दिलेली असतात त्याला वकील मंडळी 'स्पीकिंग ऑर्डर' म्हणतात. म्हणजे बोलता हुकूम. ज्यात कारण नाही तो मुका हुकूम. मुक्या हुकुमाशी भांडता येत नाही आणि त्याच्यापासून काही शिकताही येत नाही. माझे काम खरोखरच वाईट असेल तर ते सुधारायचे कसे, हेही त्या तीन शब्दांनी मला सांगितले नाही.

बऱ्याच वर्षांनी तो शेरा लिहिणारे सुपरवायझर मला एका लग्नात भेटले. ते म्हणाले, "अरे, चाळीस जणांचे फॉर्म एका दुपारी भरून द्यायचे होते. तुझ्या वेळेपर्यंत हात दुखून आला होता." मला त्यांचा राग आला नाही. तोही एक पगारी माणूस. चित्रपट समीक्षकाकडे मी तेव्हापासून त्याच नजरेने पाहतो. शुक्रवारी तीन-तीन चित्रपट पाहायचे, त्याच रात्री मजकूर द्यायचा, जाहिरात आली की रकाना कापला जायचा. चार ओळींचा निकाल देणारा पुष्कळदा चार ओळींच्याच मजुरीवर राबत असतो. त्याला नुसती नावे ठेवून आपले भागणार नाही.

आणि माझे हात तरी कुठे स्वच्छ आहेत? संघटनेच्या कचेरीत आम्ही महिन्यातून एकदा चित्रपट दाखवीत असू. त्याची सूचना फळ्यावर मी लिही आणि खाली दोन ओळींत माझा अभिप्रायही देई. एकदा 'बायसिकल थीव्ह्ज' लावला. १९५२ साली मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, त्यात हा दाखविला होता आणि बिमल रॉय यांना 'दो बिघा जमीन'ची प्रेरणा त्यातून मिळाली, हे मी वाचले होते. त्यातला नायक झालेला लाम्बेर्तो माजोराणी हा कारखान्यातला खराखुरा कामगार होता आणि चित्रपटानंतर त्याची ती नोकरी गेली, हेही वाचले होते. एवढी माहिती डोक्यात घेऊन मी मोठ्या ऐटीत फळ्यावर लिहिले, "युद्धोत्तर इटलीतील गरिबीचे करुण चित्रण."

चित्रपटाची कथा थोडक्यात अशी. बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटविण्याचे काम मिळते. त्यासाठी सायकल हवी. ती गहाण पडलेली. घरातल्या चादरी गहाण टाकून तो ती सोडवतो. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि त्याचा लहान मुलगा सारे रोम शहर पालथे घालतात. शेवटी बाप स्वतःच एक सायकल चोरू पाहतो, पकडला जातो, लोक त्याला मारतात आणि सोडून देतात. मुलगा हे सारे पाहत असतो.

चित्रपट संपला. दिवे लागले. आमच्या खात्यात एक वयस्क कामगार होते. सारे त्यांना मामा म्हणत. ते फार शिकलेले नव्हते. ते फळ्यापाशी गेले, माझे अक्षर सावकाश वाचले आणि म्हणाले, "बाळ, तू हे लिहिलेस ते चूक आहे. गरिबी आम्ही रोज बघतो, तिला बघायला इथे कोण येईल? हा सिनेमा लाजेचा आहे. पोरासमोर बापाला मार बसला. आता तो बाप पोराला काय म्हणून रागावणार?" थोडे थांबून ते म्हणाले, "आणि पोराने तरीपण त्याचा हात धरला."

मी फळा पुसला. त्या चित्रपटावर मी पुढे पुष्कळ वाचले. मामांच्या त्या चार वाक्यांनी मला जे दाखविले, ते दुसऱ्या कोणी दाखविले नाही. माझे वाक्य कोणत्याही दुःखी चित्रपटाला डकवता आले असते. मामांचे वाक्य त्याच एका चित्रपटाचे होते. आणि मामांनी ते कुठे उभे राहून म्हटले, तेही मला कळत होते. ते बाप होते आणि आयुष्यात त्यांनी मुलांसमोर मान खाली घालण्याचे प्रसंग सोसले होते.

तेव्हापासून कोणताही छोटा अभिप्राय वाचताना मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, त्यात कारण आहे काय? "कंटाळवाणा" हे कारण नव्हे, तो शेरा झाला. दुसरी, तो अभिप्राय उचलून दुसऱ्या चित्रपटाखाली ठेवला तर चालेल काय? चालत असेल तर तो कोणत्याच चित्रपटाचा नाही. तिसरी, बोलणारा कोण आणि तो कुठे बसून बोलतो आहे, हे कळते काय? या तिन्ही गोष्टी दोन ओळींत मावतात. लांबीचा आणि न्यायाचा संबंध नाही. वीस पानांचे मुके निकालही मी वाचले आहेत.

दुसऱ्यांची परीक्षा घेऊन स्वतः सटकणे बरे नव्हे. म्हणून माझेच काही अभिप्राय आपल्यापुढे ठेवतो. आपण ते याच तीन कसोट्यांवर घासून पाहावेत.

प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामाविषयी पुष्कळ बोलले जाते. मला हा चित्रपट त्यांच्या बायकोचा वाटतो. संताच्या घरात संध्याकाळच्या भाकरीची काळजी कोणीतरी करावी लागते आणि ती करणारीला वैकुंठाचे विमान परवडत नाही, हे दामले-फत्तेलालांनी भक्तिपटात सांगितले.

चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स', तोही १९३६ चा. नट आवळता आवळता चार्लीचे हात पाळी सुटल्यावरही थांबत नाहीत. साऱ्या थिएटरात हशा होतो; लेथवर उभा राहिलेला माणूस हसतो आणि मग आपल्या हातांकडे पाहतो.

'दो बिघा जमीन', १९५३. बलराज साहनींचा शेतकरी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो, हे सर्वांना आठवते. मला शेवटचे कुंपण आठवते. त्याच्या जमिनीवर कारखाना उभा राहिला आहे आणि तो बाहेरून पाहतो आहे. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या कुंपणांशी असे किती जण उभे असतात!

'दीवार', १९७५. दोन भावांच्या संवादांवर पुष्कळ लिहिले जाते. त्यांचा बाप कामगार पुढारी होता आणि बायकापोरांच्या जिवासाठी त्याने मालकापुढे सही केली. दोन ओळींच्या मजकुरात त्या बापाला सहसा जागा मिळत नाही. मी मात्र तो चित्रपट त्या सहीपाशी पहिल्यांदा पाहिला आणि रात्रभर झोपलो नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', २०१४ साली चित्रगृहांत आलेला. डुकराच्या मागे धावणारे कुटुंब राष्ट्रगीत कानी पडताच जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर पळून जाते. शेवटचा दगड आपल्या दिशेने येतो. तो चुकविण्यासाठी मान खाली घातली नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. २०१५ साली त्याला सर्वोत्तम चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एका लोकशाहिरावर खटला भरतात आणि तारखा पडत राहतात. आमच्यातले काही जण म्हणाले, "फार संथ." मी म्हणालो, "कामगार न्यायालयात माझ्याबरोबर एक दिवस बसा, मग सांगा." संथ हा शब्द क्रौथर यांनी 'पथेर पांचाली'ला लावला होता. संथ असणे हा दोष केव्हा आणि खरेपणा केव्हा, हे सांगितल्याशिवाय तो शब्द वापरू नये.

आणखी एक गोष्ट. 'शोले'ला त्या सालच्या फिल्मफेअर पुरस्कारांत एकच पुरस्कार मिळाला, आणि तो संकलनाचा होता. मानकरी होते एम. एस. शिंदे, म्हणजे एक मराठी कारागीर. कापायचे काय आणि ठेवायचे काय, हे अंधाऱ्या खोलीत बसून ठरविणाऱ्या त्या माणसाचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? चित्रपट शेकडो हातांनी होतो. चार ओळींत शेकडो नावे येणार नाहीत हे मला कळते. पण चारांतली अर्धी ओळ अधूनमधून ध्वनिमुद्रकाला, संकलकाला, नेपथ्याच्या सुताराला मिळाली तर काय बिघडेल?

शेवटी, आज संघटनेच्या कचेरीत जी मुले येऊन बसतात त्यांच्याविषयी बोलतो. ती मोटारसायकलवरून घरोघर जेवणाच्या पिशव्या पोचवितात. परवा एक जण म्हणाला, "दादा, काल दोनच तारे पडले. का पडले ते कळत नाही. पाऊस होता, पाच मिनिटे उशीर झाला, की माझा चेहरा आवडला नाही?" तारे कमी झाले की काम कमी मिळते आणि एखाद्या दिवशी फोन उघडला तर आयडी बंद झालेला असतो. कोणाकडे दाद मागायची तेही त्याला ठाऊक नसते. चित्रपटांना तारे देता देता आपल्या बोटांना जी सवय लागली, ती आता माणसांवर चालते आहे. चित्रपट तारे सोसतो. 'पथेर पांचाली' अजून आहे, 'शोले' अजून आहे. त्यांना पुढच्या पिढीकडे अपील करता येते. त्या मुलाला पुढच्या महिन्याचे भाडे भरायचे असते. त्याच्याजवळ अपिलाला वेळ नाही.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे की, चित्रपट पाहून आल्यावर घरात, कट्ट्यावर, फोनवर आपले मत जरूर सांगा, थोडक्यातच सांगा, पण ते बोलते असू द्या. आवडला तर काय आवडले, नावडला तर कुठे नावडला. चुकले असे पुढे वाटले तर तेही सांगा; मॉर्गनस्टर्न यांना त्यामुळे कमीपणा आला नाही. चित्रपटाच्या बाबतीत ही सवय जडली तर माणसांच्या बाबतीत ती आपोआप उपयोगी पडेल, अशी मला आशा आहे. चित्रपटगृह ही त्या सवयीची स्वस्त शाळा आहे. तिथे चुकीचा निकाल दिला तरी कोणाची चूल विझत नाही.

माझ्या या भाषणावरही घरी जाताना आपण अभिप्राय देणारच. "बरा बोलला" किंवा "लांबवले" एवढ्यावर मात्र थांबू नका. काय पटले नाही ते कारणासह सांगा. मी उद्या संध्याकाळी सहानंतर कचेरीत आहे, चहा आमच्याकडे.